एक रुपया दंड

गेल्या महिन्यात कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतल्या तालमीत बैठक झाली. रात्री दहानंतर अठराच्या आतलं पोरगं चौकात, कट्ट्यावर किंवा रंकाळ्यावर दिसलं तर काय करायचं, एवढा एकच विषय. निमित्त आता सगळ्यांच्या सवयीचं झालेलं: मध्यरात्री गाडीच्या बॉनेटवर केक, तो कापायला तलवार, सायलेन्सरच्या पुंगळ्या काढलेल्या गाड्यांचा धुडगूस आणि शेवटी दोन गटांची झोंबाझोंबी. पोरं सोळा-सतराची. कुणी म्हणालं, "भोंगा लावूया, दहाला वाजवायचा." कुणी म्हणालं, "नावंच देऊया पोलिसांत, एकदा हिसका बसला की सुतासारखी सरळ येतील." एकजण म्हणाला, "फोटो काढून ग्रुपवर टाकायचा." या सूचनेला टाळ्या पडल्या. बैठक रात्री साडेनऊला सुरू झाली होती, कारण त्याआधी बाप लोकांना सवड नसते.

मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. साठी ओलांडल्यावर मागचीच खुर्ची बरी वाटते. टाळ्या ऐकताना मला एक रुपयाचं नाणं आठवलं.

१९७८ साल. मी नववीत होतो. गल्लीतल्या दोघांबरोबर सिनेमाच्या नऊ ते बाराच्या खेळाला गेलो, घरी न सांगता. परत आलो तेव्हा सोप्यावरचा बल्ब चालू होता आणि आबा, म्हणजे माझे आजोबा, उंबऱ्याजवळ घोंगडं टाकून बसले होते. मी चपला हातात घेऊन आलो होतो, त्या हातातच राहिल्या. आबांनी मला काहीही विचारलं नाही. त्यांनी आत हाक मारून अण्णांना उठवलं. अण्णा, माझे वडील, डोळे चोळत बाहेर आले आणि मला बघून त्यांचा हात वर गेला.

"हात खाली घे," आबा म्हणाले. "पोरगं घरात न्हाई, हे तुला किती वाजता कळलं?"

"आत्ताच, आबा. दिवसभर वखारीत काम, डोळा लागला होता."

"मंजी कळलंच न्हाई. रुपया काढ."

बेचाळीस वर्षांच्या कर्त्या माणसानं खुंटीवरच्या सदऱ्यातून एक रुपया काढून म्हाताऱ्याच्या हातावर ठेवला. आबांनी तो देव्हाऱ्यातल्या पितळी डबीत टाकला आणि आम्हा दोघांना झोपायला पाठवलं. त्या वर्षात अण्णांचे असे चार रुपये गेले. माझ्या पाठीवर एकही वळ उठला नाही, आणि तेच जड गेलं. मार खाल्ला असता तर दुसऱ्या दिवशी विसरलो असतो. सकाळी चहा पिताना अण्णा माझ्याकडे बघायचे ते बघणं अजून विसरता येत नाही.

रुपयाच का, हे आबांनी पुढे कधीतरी सांगितलं. ते करवीरजवळच्या एका खेड्यातले, पणजोबांची म्हसरं राखणारे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. आमच्या पणजोबांना हा कायदा म्हणजे कुणीतरी काढलेली टूम वाटली. शाळेत गेल्यावर म्हसरं कोण बघणार? पहिल्या महिन्याचा दंड त्यांनी शिव्या घालत भरला. आबा सांगायचे, तेव्हाचा रुपया म्हणजे आठवड्याच्या बाजाराचा खर्च. दुसऱ्या महिन्याच्या आत पणजोबांनी म्हसरांची सोय शेजाऱ्याकडे लावली आणि आबांचा दंड धरून त्यांना शाळेच्या पायरीवर नेऊन उभं केलं. "मला कुणी इचारलंबी न्हाई, शिकणार का म्हनून," आबा हसायचे. "पर दंड बानं भरला. त्यामुळं मास्तरनं मला हानलं तरी बा शाळंकडनंच बोलायचा."

रांगड्या कोल्हापुरात घडलेल्या या कायद्यात एक बारीक गोष्ट आहे. शाळा चुकवली पोरानं, पण सरकारची नोटीस त्याच्या नावानं नव्हती. ती बापाच्या नावानं होती. पोराला कोणी गुन्हेगार ठरवलं नाही. महाराजांना पोरवयातल्या देखरेखीचा स्वतःचा अनुभव होता, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. दहाव्या वर्षी, १८८४ साली, ते दत्तक आले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि मग धारवाडला शिक्षक फ्रेझर साहेबांच्या हाताखाली त्यांचा दिवस कधी उगवायचा नि कधी मावळायचा हे दुसरेच ठरवत होते. अधिकारसूत्रं हाती आली ती १८९४ साली, विसाव्या वर्षी.

आता दुसरी हकीकत. ही आबांची नाही, त्यांच्या गावाकडच्या दोस्ताची. रामोशी समाजातले, आम्ही त्यांना नाना म्हणायचो. ते आले की सोप्यावर पानाचा डबा उघडायचा. एकदा मी शाळेच्या हजेरीबद्दल काही कुरकुर केली, तर नाना म्हणाले, "तुझी हजेरी सकाळची हाय बाळा. माझ्या बाची सांजची असायची." ब्रिटिश अमलात काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा १८७१ साली झाला. संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड या समाजांतल्या माणसांना रोज हजेरी द्यावी लागे. नानांचा बाप दिवेलागणीला चावडीवर जायचा. नाव पुकारलं की 'हाजीर' म्हणायचं. पोरं अंगणात बसून बाप परत येतोय का बघायची, कारण एखाद्या दिवशी गावात काही चोरीमारी झालेली असली की तो परत यायचा नाही.

१९१८ साली महाराजांनी ही हजेरी बंद केली. "त्या सांजंला बा घरातच जेवला," एवढंच नाना सांगायचे. वर्णन नाही, जयजयकार नाही. मग पान लावायला घ्यायचे. महाराज तेवढ्यावर थांबले नव्हते. फासेपारध्यांना त्यांनी सोनतळीच्या कॅम्पवर आसरा दिला, काम दिलं, पहाऱ्यावर नेमलं. रात्री ज्यांची सावली दिसली तरी गाव काठ्या काढायचं, त्यांच्याच हाती रात्र सोपवली. ब्रिटिशांचा तो कायदा रद्द व्हायला मात्र १९५२ साल उजाडलं.

पालकाला दंड सुरू झाला १९१७ साली, चावडीवरची हजेरी उठली १९१८ साली. एकाच राजाच्या दोन सह्या. तालमीतल्या बैठकीत फोटोच्या सूचनेला टाळ्या पडल्या तेव्हा मला वाटलं, आपण पहिली सही विसरलो आणि दुसरीनं मिटवलेलं तेवढं उकरून काढायला निघालो.

लहानपणी आम्हाला रात्रीची बंदी नव्हती, असं नाही. ती आज्जीच्या हातात होती. तिन्हीसांजा झाल्या की हातपाय धुऊन देवापुढं शुभंकरोती. मग पाढे. जेवणं झाली की ती चुलीतला विस्तव राखेत पुरायची, सकाळी तोच फुंकून पेटवायला. विस्तव पुरला की घर मिटलं. त्यानंतर दाराची कडी काढायची तर कारण सांगावं लागे. पुढे कधीतरी वाचलं की कर्फ्यू हा शब्द मुळात जुन्या फ्रेंचमधला आणि त्याचा अर्थच 'विस्तव झाका' असा आहे. रात्री घंटा व्हायची आणि लोकांनी चुली झाकायच्या. आज्जीला हे सांगायला हवं होतं. ती म्हणाली असती, त्यासाठी घंटा कशाला लागते?

घराबाहेर गल्ली होती. गंगावेशीत संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहायच्या आणि माणसं पेल्यात धार काढून तिथंच दूध प्यायची, अजूनही पितात. त्या कट्ट्यावरच्या प्रत्येक माणसाला मी कुणाचा कोण हे ठाऊक होतं. "आण्णाचा न्हवं का तू? घरला सांगून आलायस न्हवं?" एवढं पुरायचं. तालमीत राहणाऱ्या माझ्या चुलतभावाला तर कुठल्याच नियमाची गरज पडली नाही. पहाटे तीन-साडेतीनला वस्ताद उठवणार, मग जोर, बैठका, हौद्यातली माती. रात्री नऊला तो भिंतीला टेकला की झोपलाच. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींनी पिढ्यान्‌पिढ्या पोरं अशी निजवली आहेत.

पण या गल्लीच्या डोळ्यांचं फार कौतुक करायला गेलो की ताई आठवते. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मी पाढे झाले की आठ-नऊपर्यंत पुन्हा चौकात हुंदडायचो. तिला दिव्याच्या आत घरात यावंच लागे. तेच डोळे तिच्यावर वेगळे पडायचे. तिच्यासाठी अण्णांना रुपया भरावा लागला नाही कधी, कारण ती उशिरा यायचा प्रश्नच नव्हता. वर्षातून एक रात्र सुटका होती. नवरात्रातल्या अष्टमीला अंबाबाई नगरप्रदक्षिणेला निघते. रस्ताभर रांगोळ्या, दिव्यांच्या माळा, आणि गर्दीत आज्जी, आत्ती, ताई, शेजारच्या सगळ्या पोरी. आत्ती म्हणायची, "देवीच रातीची भाईर पडती म्हटल्यावर आमाला कोन अडवतंय?" ताई त्या रात्री रस्त्याच्या अगदी मधून चालायची. कडेनं नाही. आज मुलांसाठी वेळेचा नियम करताना तो आपोआप मुलींसाठी दोन तास आधीचा होणार, हे मी पैजेवर सांगतो.

आणि आता? आपल्याकडे अल्पवयीनांसाठी वेगळी अशी सरसकट रात्रीची बंदी नाही. सगळ्यांनाच घरात बसवणारी संचारबंदी आपण पाहिली. २२ डिसेंबर २०२० पासून महापालिकांच्या हद्दीत रात्री ११ ते सकाळी ६. त्या दिवसांत पोरं घरातच होती, बापही घरात होते, आणि पोरं फोनमधून कुठं कुठं जाऊन येतात हे कुणालाच कळत नव्हतं. आइसलँडमध्ये कायद्यानंच ठरवलेलं आहे, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री आठनंतर आणि तेरा ते सोळाच्यांनी दहानंतर मोठ्यांशिवाय बाहेर राहायचं नाही. उन्हाळ्यात दोन तासांची सूट. तिथला उन्हाळा म्हणजे रात्री अकरालाही उजेड. आज्जीच्या तिन्हीसांजेचं तिथं काही चाललं नसतं.

आपल्याकडे कायदा बापापर्यंत पोचतो तो गाडीच्या वाटेनं. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आलं. अल्पवयीनानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनियर गेले. त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला म्हणून सगळा देश खवळला. पुढे वडिलांनाही अटक झाली. तेव्हा आबा असते तर म्हणाले असते, निबंध बाला लिवाय लावा. अर्थात जिथं रुपयाला किंमतच नाही त्या घरात रुपया दंड काय कामाचा, हाही प्रश्न आहेच, आणि पणजोबांच्या घरी तो नव्हता.

यापेक्षा मला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावचा भोंगा जास्त पटतो. कडेगाव तालुक्यातलं हे गाव. २०२२ च्या १५ ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायला लागला, आणि दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद. पोरांनी अभ्यासाला बसायचं. आमच्या बैठकीत ज्यानं भोंग्याची सूचना केली त्यानं हेच कुठंतरी वाचलं असणार, पण अर्धंच. वडगावात भोंगा वाजला की आईची मालिका बंद होते आणि बापाचा फोनही खाली ठेवावा लागतो. पोरगं एकटं शिक्षा भोगत नाही. त्यासाठी शिक्षक, अंगणवाडीच्या ताई, आशा सेविका घरोघर फिरल्या. आमच्या सूचनेत घरोघर फिरायचं कुणाच्याच वाट्याला नव्हतं. वाट्याला होता फक्त फोटो.

शेवटी मी उठून बोललो. म्हटलं, दहानंतर पोरगं सापडलं तर पोराचं नाव कुठंही लिहायचं नाही. बापाकडून रुपये शंभर घ्यायचे, तालमीच्या पेटीत टाकायचे आणि त्यातनं वाचनालयाचे दिवे रात्रीपर्यंत चालू ठेवायचे. पोराला एकच विचारायचं, घरी कोण आहे? मागून कुणीतरी म्हणालं, "काका, मग आम्ही सगळेच कंगाल व्हणार की." हशा झाला. त्यात माझी सूचना वाहून गेली. फोटोची सूचना मंजूर व्हायची ती मात्र पुढच्या बैठकीवर गेली, कारण निम्मे लोक उठून गेले होते.

बाहेर आलो तेव्हा पावणेबारा झाले होते. कट्ट्यावर सातआठ पोरं बसली होती. त्यांतल्या तिघांचे बाप माझ्याबरोबरच पायऱ्या उतरत होते.

आबांची पितळी डबी माझ्याकडे आहे. पुढची बैठक संध्याकाळी सहाला ठेवा आणि पोरांनाही बोलवा, असं मी अध्यक्षांना कळवलंय. अजून उत्तर आलेलं नाही.