डभोईची गाडी आणि तिचे अनामिक सेवक



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांनी आम्हांस इतिहास शिकविला. त्यांच्याच एका धड्याची उजळणी मी आज करणार आहे. विषय आहे आपल्या बडोद्याच्या पंचक्रोशीतील छोटी रेल्वे आणि ती चालविणारी माणसे.

1862 साली खंडेराव महाराज गायकवाड यांच्या कारकिर्दीत डभोई ते मियागाम हा सुमारे 20 मैलांचा, अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग सुरू झाला. भारतातील हा पहिला अरुंदमापी मार्ग. कापसाच्या या मुलखातील माल मियागाम येथे मुंबईच्या मुख्य मार्गास मिळावा, ही त्यामागील दृष्टी. आरंभी या रुळांवरून डबे ओढीत ते बैल. 1863 साली इंजिने आणून पाहिली. परंतु हलक्या रुळांना त्यांचा भार पेलेना. मार्ग बळकट केल्यावर, 1873 पासून, वाफेची इंजिने नियमित धावू लागली. पुढे सयाजीराव महाराजांच्या काळात हे जाळे विस्तारले आणि डभोई हे अरुंदमापी रेल्वेचे मोठे जंक्शन झाले. 1949 साली संस्थानची ही रेल्वे बी. बी. अँड सी. आय. मध्ये व 1951 साली पश्चिम रेल्वेत विलीन झाली.

एवढा इतिहास कागदोपत्री सापडतो. न सापडणारा इतिहास मला 1962 साली, आठवीच्या वर्गात भेटला.

त्या गाडीने ‘अप-डाउन’ करणारी काही मुले आमच्या शाळेत होती. गाडीला उशीर झाला की तीही उशिरा येत. पण गुरुजी त्यांच्या नावापुढे कधी उशिराची खूण करीत नसत. श्रावणातल्या एका सकाळी त्यांतला एक मुलगा बाकावरच झोपी गेला. आम्ही हसलो, सर्वांत मोठ्याने मीच हसलो. गुरुजींनी त्याला हळूच उठवून कारण विचारले. त्याचे वडील गँगमन होते. रात्रभर पाऊस कोसळत होता, रुळांखालची खडी वाहून जाण्याचे भय होते, म्हणून ते कंदील घेऊन मार्ग तपासत फिरले होते. आणि मुलगा भाकरीचे गाठोडे पोहोचविण्यास गेला तो पहाटेपर्यंत त्यांच्याबरोबरच राहिला होता.

गुरुजींनी पुस्तक मिटले. “ज्या गाडीने तुमचे मित्र सुखरूप आले, ती यांच्या वडिलांनी आणली,” एवढेच ते म्हणाले. त्या तासाला खंडेराव महाराजांचा धडा होता. तो त्या दिवशी झाला नाही. पण मला इतिहास समजला तो त्याच तासाला.

रूळ जोडणाऱ्या खिळ्यांवर रोज हातोडा मारीत मैलोगणती चालणारा कीमन, भट्टीत कोळसा लोटणारा फायरमन, सांधा बदलणारा पॉइंट्समन, पुढच्या स्थानकाची अनुमती आल्यावाचून एकेरी मार्गावर गाडी न सोडणारा स्टेशनमास्तर, यांचे काम चोख झाले की कोणाच्या ध्यानातही येत नाही. चुकले तरच त्यांची नोंद होते. त्यांच्या नावे शिलालेख नाहीत. प्रवाशांचे सुखरूप घरी पोहोचणे हेच त्यांचे स्मारक.

आता त्या मार्गांचे रूप पालटले आहे. 2021 च्या जानेवारीत प्रतापनगरहून डभोईमार्गे केवडियापर्यंतचा विद्युत् रुंदमापी मार्ग सुरू झाला. हे स्वागतार्हच आहे. प्रतापनगरला जुनी इंजिने जतनही झाली आहेत. मात्र इंजिन जपता येते, तशी माणसाची आठवण आपोआप जपली जात नाही.

म्हणून माझी शाळेला एक विनंती आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांत रेल्वे कर्मचाऱ्यांची मुले-नातवंडे आहेत. त्यांच्या घरी जाऊन आजच्या विद्यार्थ्यांनी त्या आठवणी, नावांनिशी, वहीत उतरवून घ्याव्यात. पहिल्या पानावर त्या गँगमनचे नाव असावे. ते मला ठाऊक नाही. मी कधी विचारलेच नाही. माझ्या त्या दिवशीच्या हसण्याची भरपाई या वहीने थोडी तरी होईल.