जुना मिडियम फॉरमॅट कॅमेरा : बिघाड कसा ओळखावा आणि आजच्या फिल्मवर तो कसा चालवावा

माळ्यावरच्या पेटीत आजोबांचा घडीचा कॅमेरा, आग्फा क्लिक थ्री किंवा यशिकाचा दोन लेन्सचा कॅमेरा सापडला, की पहिला मोह होतो तो मागचे झाकण उघडून आत पाहण्याचा. तो आवरलेला बरा. आत अर्धवट वापरलेला रोल असेल, तर उजेड लागताच वरचे वेटोळे जाते आणि त्याबरोबर कदाचित घरातल्या कोणाचा तरी एकमेव फोटो.

मिडियम फॉरमॅट म्हणजे साधारण सहा सेंटिमीटर रुंदीच्या फिल्मवर फोटो घेणारे कॅमेरे. त्यांची फिल्म ‘१२०’ या क्रमांकाने ओळखली जाते. कोडॅकने ती १९०१ मध्ये आणली आणि ती आजही बनते, हीच या कॅमेऱ्यांची मोठी जमेची बाजू. ३५ मिमीच्या रोलसारखी तिला डबी नसते. फिल्मच्या पाठीला काळा कागद असतो, तो एका स्पूलवरून सुटतो आणि दुसऱ्यावर गुंडाळला जातो. कागदाच्या बाहेरच्या बाजूला आकडे छापलेले असतात आणि साध्या कॅमेऱ्यांत ते मागच्या लाल खिडकीतून दिसतात. चौकटीच्या आकाराप्रमाणे एका रोलवर ८, १२ किंवा १६ फोटो बसतात.

म्हणून आत रोल आहे का, हे झाकण न उघडताही कळते. लाल खिडकीत आकडा, बाण किंवा नुसता कागद दिसला तर रोल आहे. खिडकी नसलेल्या कॅमेऱ्यात गुंडाळण्याची कळ हळूच फिरवून पाहावी. रोल असेल तर ती ओढ धरून फिरते. अशा वेळी रोल शेवटपर्यंत गुंडाळावा, ओढ संपली की पूर्ण अंधारात बाहेर काढावा आणि घट्ट धरून चिकटपट्टी लावावी. ब्लॅक अँड व्हाइट रोलवर चाळीस-पन्नास वर्षांनंतरही चित्र निघू शकते.

धुवायला देताना मात्र फिल्मचे नाव वाचून सांगावे. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’, पूर्व जर्मनीची ‘ओर्वो’ अशी नावे त्या काळच्या रोलवर सापडतात. ब्लॅक अँड व्हाइट रोल चुकून रंगीत निगेटिव्हच्या रसायनात गेला, तर त्यातली चांदी विरघळून जाते आणि कोरी पट्टी हातात येते. ते चित्र पुन्हा कधीच मिळत नाही. जुना रंगीत रोल असेल तर रंगांची आशा सोडून तो ब्लॅक अँड व्हाइट पद्धतीने धुणे हाच बहुधा शहाणपणाचा मार्ग असतो.

शटर : बहुतेक वेळा दोष वाळलेल्या ग्रीसचा

जुना कॅमेरा ‘बिघडला’ म्हणतात तेव्हा त्याचे भाग झिजलेले असतातच असे नाही. बरेचदा आतले ग्रीस वाळून गोंदासारखे झालेले असते. घडीच्या आणि दोन लेन्सच्या कॅमेऱ्यांत शटर लेन्सच्या आतच असते. त्याच्या पातळ पात्या स्प्रिंगने उघडतात आणि मंद वेगांसाठी लहान दात्यांची चाके त्यांना काही क्षण धरून ठेवतात. ही चाके चिकटली की १/१२५ ठीक चालते, पण एक सेकंद लावला तर शटर तीन सेकंद उघडे राहते किंवा बंदच होत नाही.

वेग मोजायला आता मोबाइल पुरतो. मागचे झाकण उघडून कॅमेरा उजेडाकडे धरावा आणि २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये शटरचा व्हिडिओ घ्यावा. १/३० वेगाला पात्या साधारण ८ फ्रेम उघड्या दिसायला हव्यात, १/६० ला ४. बारा दिसल्या तर १/३० प्रत्यक्षात १/२० आहे. त्याहून वेगवान आकड्यांसाठी ही पद्धत फारशी विश्वासाची नाही. शटर थोडे मंद असले तरी लगेच दुरुस्तीला धावायचे कारण नाही. निगेटिव्ह फिल्म दुप्पट उजेड सहज सोसते. वेग दर वेळी वेगळा येत असेल, तर मात्र ते शटर साफ करावेच लागते.

इथे घरोघरी होणारी चूक म्हणजे शिलाई मशीनचे तेल. शटरच्या पात्या कोरड्याच चालायच्या असतात. तेलाचा एक थेंबही त्यांना एकमेकींना चिकटवतो आणि पुढे लेन्सवर चढतो. गंज सोडवणारे फवारेही तितकेच वाईट. दुरुस्ती करणारे पुढची लेन्स काढून, कापसाच्या काडीने लायटरच्या इंधनासारखे पटकन उडून जाणारे द्रावण अगदी बेताने लावतात आणि शटर अनेकदा चालवून घेतात. हे काम ज्वालेपासून दूर, खिडकी उघडी ठेवून करायचे असते. जुन्या शटरवरचा स्वयंचलित फोटोचा, म्हणजे सेल्फ टायमरचा खटका हा सगळ्यात आधी अडकणारा भाग. त्याला हात न लावणे उत्तम. कॉम्पुर रॅपिड शटरवर १/५०० हवा असेल तर तो शटर ताणण्याआधीच लावावा, कारण त्या वेगाला जादा स्प्रिंग लागते.

भाता, लेन्स आणि पावसाळा

घडीच्या कॅमेऱ्याचा भाता, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधली काळी घडीची पिशवी, कोपऱ्यांवर फाटते. आग्फाच्या घडीच्या कॅमेऱ्यांत हे इतके नेहमीचे आहे, की विकत घेताना भाता सच्छिद्र आहे असेच धरून चालावे. तपासणी सोपी आहे. रात्री दिवे मालवून आत छोटा टॉर्च धरावा आणि भाता बाहेरून, पूर्ण ताणून पाहावा. छिद्रे चांदण्यांसारखी चमकतात. दोन-चार असतील तर लवचिक काळा कापडी रंग कोपऱ्यावर पातळ थरांत लावून भागते. मात्र तो पूर्ण वाळल्याशिवाय कॅमेरा मिटू नये, नाहीतर घड्या चिकटतात. सगळे कोपरे चमकत असतील तर नवा भाता बसवणेच योग्य.

याच आग्फा कॅमेऱ्यांत फोकसची पुढची रिंग जाम झालेली असते, तीही ग्रीसमुळेच. जोर लावल्यास एकाच्या जागी दोन लेन्स एकत्र फिरतात आणि फोकस कायमचा चुकतो. कोणी आधी ती उघडून चुकीची बसवली असेल, तरी तेच होते. खरा फोकस तपासायला फिल्म जिथून सरकते त्या आतल्या दोन रुळांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवावा, शटर बी वर उघडे धरावे आणि रिंग अनंताच्या खुणेवर ठेवून लांबचा डोंगर किंवा मनोरा पाहावा. कागदावर उलटे चित्र उमटते. ते भिंगातून रेखीव दिसले नाही, तर रिंगेचे बारीक स्क्रू सैल करून ती जुळवता येते. दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात वरच्या काचेवरचे आणि खालच्या कागदावरचे चित्र एकाच वेळी रेखीव व्हायला हवे.

मुंबई-कोकणातल्या हवेत लेन्सवर बुरशी येणे हा नेहमीचा प्रकार. चामड्याची केस दिसायला देखणी, पण ती ओल धरून ठेवते. कॅमेरा त्यात न ठेवता रबरी कडेच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावा. बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पुसून निघतात, पण खूप वर्षे राहिली तर ती काचेवरचा थर खाते आणि तो डाग जात नाही. तरीही अशी लेन्स लगेच टाकून देऊ नये. समोरून ऊन नसेल तर फोटोत फरक क्वचितच कळतो.

निगेटिव्हच दोष सांगते

पहिला रोल हा चाचणीचाच समजावा आणि धुऊन आला की प्रिंटऐवजी निगेटिव्ह पाहावी. नको असलेला काळसर पट्टा चौकटीच्या कडेला थांबला आहे की फिल्मच्या काठापर्यंत गेला आहे, हे सर्वांत महत्त्वाचे. चौकटीतच थांबला असेल तर उजेड भात्यातून किंवा शटरमधून आला. काठापर्यंत पसरला असेल तर तो मागून आला: झाकणाची फट, लाल खिडकी, नाहीतर रोल सैल गुंडाळला गेला. हॅसलब्लाडसारख्या सुट्या फिल्मपेटीच्या कॅमेऱ्यात तो पेटीच्या पट्टीजवळचा झिजलेला उजेडरोधक थर असू शकतो.

लाल खिडकीचा दोष मुळात कॅमेऱ्याचा नाही. ती बनवली तेव्हाच्या बऱ्याच फिल्मना लाल रंग दिसतच नसे. आजच्या फिल्मना तो दिसतो. म्हणून खिडकीवर काळी चिकटपट्टी लावावी आणि फिल्म पुढे सरकवताना, तीही सावलीत, क्षणभरच उचलावी.

एकावर एक दोन फोटो आले तर बहुधा फिल्म पुढे सरकवायची राहिली. साध्या कॅमेऱ्यात दुबार फोटो अडवणारा खटकाच नसतो. घडीच्या कॅमेऱ्यात फोटोचा मधला भाग धूसर आला, तर फिल्म फुगली असण्याची शक्यता आहे. कॅमेरा झटक्यात उघडला की भाता हवा खेचतो आणि फिल्म पुढे ओढली जाते. सावकाश उघडून मगच फिल्म सरकवली की हे टळते.

रोलेफ्लेक्स ऑटोमॅटची गोष्ट वेगळी. फिल्म सुरू झाली हे तो कागदाच्या जाडीवरून ओळखतो, त्यासाठी कागद दोन रुळांच्या मधून न्यावा लागतो. तो वरून नेला तर गणक सुरूच होत नाही आणि अख्खा रोल एका दमात गुंडाळला जातो. यशिकामॅट १२४ जीमध्ये मागची दाबपट्टी १२० आणि २२० अशा दोन जागी सरकते; ती १२० वरच आहे ना, हे रोल घालताना पाहावे. लॅबकडून एखादा जुना कागद आणि स्पूल मागून घेतले तर रोल घालण्याचा सराव फुकटात होतो.

६२० चा पेच

कोडॅकच्या अनेक कॅमेऱ्यांवर ‘६२०’ असे लिहिलेले असते. ही फिल्म १२० इतकीच रुंद आणि लांब; फक्त स्पूलचा दांडा बारीक आणि चकत्या लहान. कोडॅकने ती १९९५ मध्ये बंद केली. कॅमेरा त्यामुळे निकामी होत नाही, पण १२० चा स्पूल कापून-घासून बसवला तर तो अडकतो किंवा सैल फिरतो. खात्रीचा उपाय म्हणजे फिल्म दुसऱ्या स्पूलवर घेणे. त्यासाठी ६२० चे दोन स्पूल आणि उजेड न शिरणारी काळी पिशवी लागते. पिशवीत हात घालून १२० चा रोल पहिल्या ६२० स्पूलवर गुंडाळायचा. आता तो उलटा झालेला असतो, म्हणून पुन्हा दुसऱ्यावर घ्यायचा. या दुसऱ्या फेरीत फिल्मचे मोकळे टोक आधी आणि कागदाला चिकटवलेले टोक शेवटी येते. तिथे हमखास फुगवटा येतो. चिकटपट्टी अलगद उचलून फिल्म सपाट करून पुन्हा लावली की काम झाले. मोकळा झालेला स्पूल कॅमेऱ्यात फिल्म ओढून घेणाऱ्या बाजूला जातो. आधी उजेडात, वाया गेलेल्या रोलवर, डोळे मिटून दोन-तीनदा हे करून पाहावे.

उजेडाचा अंदाज

यशिकामॅट १२४ जीचे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चाले. ते सेल आता मिळत नाहीत. दीड व्होल्टचा अल्कलाइन सेल बसतो, पण मीटर चुकीचे सांगते. श्रवणयंत्राचा ६७५ क्रमांकाचा सेल १.४ व्होल्ट देतो. भोवती छोटी रबरी रिंग घातली की तो जागेवर बसतो आणि आकडे खऱ्याच्या जवळ येतात. मात्र तो काही आठवडेच टिकतो. त्याआधीच्या कॅमेऱ्यांतली सेलेनियमची मीटर सेलशिवाय चालतात, पण वयाने मंदावलेली असतात. मोबाइलवरचे लाइट मीटर किंवा जुना नियम पुरेसा आहे: स्वच्छ उन्हात ॲपर्चर १६, आणि शटर फिल्मच्या आयएसओइतके, म्हणजे १०० च्या फिल्मला १/१२५.

साध्या बॉक्स कॅमेऱ्यात हे काहीच बदलता येत नाही. त्यांचा एकमेव वेग बहुधा १/३० च्या आसपास असतो आणि ते त्या काळच्या मंद फिल्मसाठी बनलेले असतात. त्यात ४०० ची फिल्म घालून एप्रिलच्या दुपारी फोटो काढले, तर निगेटिव्ह जवळजवळ काळीच येते. १०० किंवा त्याहून मंद फिल्म घ्यावी, सकाळ-संध्याकाळचा उजेड किंवा सावली निवडावी आणि कॅमेरा भिंतीला टेकवून धरावा.

६२० चा रोल धुवायला देताना स्पूल परत हवा असल्याचे लॅबला आधीच सांगावे आणि पाकिटावर लिहूनही द्यावे. लॅबमध्ये रिकामे स्पूल सर्रास फेकले जातात, आणि ६२० चा जुना स्पूल हरवला तर पुढचा रोल भरता येत नाही.