हीट पंप म्हणजे काय? नवीन घरात कमी विजेत ऊब कशी मिळते?

आपल्याकडे थंडी पडली की स्वेटर, गोधडी आणि सकाळी गीझर, एवढ्यावर भागतं. पण जर्मनीत शिकायला गेलेल्या एखाद्या मित्राला विचारा. तिकडे हिवाळ्यात घर तापवावंच लागतं. युरोपियन युनियनमध्ये घरगुती वापराची निम्म्याहून जास्त ऊर्जा फक्त घर उबदार ठेवण्यात जाते. म्हणूनच तिथल्या नवीन इमारतींमध्ये आता हीट पंप बसवले जातात. चला, हे प्रकरण समजून घेऊया.

हीट पंप म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर उलटा चालणारा एसी. एसी घरातली उष्णता बाहेर फेकतो, हीट पंप बाहेरची उष्णता घरात आणतो. तो उष्णता तयार करत नाही, फक्त इकडून तिकडे हलवतो. लॉर्ड केल्विन यांनी ही कल्पना 1852 मध्येच मांडली होती.

बाहेर 0 अंश असताना उष्णता येते कुठून?

हीट पंपात प्रोपेनसारखा वायू फिरत असतो. प्रोपेन साध्या दाबाला उणे 42 अंशांवरच उकळतो. म्हणजे 0 अंशाची हवासुद्धा त्याच्यासाठी गरमच!

1. बाहेरच्या युनिटमध्ये थंड द्रव हवेतली उष्णता घेतो आणि त्याचा वायू होतो.
2. कॉम्प्रेसर हा वायू दाबतो, त्यामुळे तो गरम होतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो ना, तसंच.
3. गरम वायू आपली उष्णता घरातल्या पाइपमधल्या पाण्याला देतो आणि पुन्हा द्रव होतो.
4. व्हॉल्व्हमधून जाताना दाब कमी होतो, द्रव थंड होतो आणि चक्र पुन्हा सुरू.

वीज किती वाचते?

साध्या हीटरमध्ये 1 युनिट विजेतून 1 युनिट उष्णता मिळते. हीट पंपात साधारण 3 युनिट मिळते. या आकड्याला सीओपी म्हणतात.

आपल्या घरचा हिशोब बघा. 100 लिटर पाणी 20 वरून 45 अंशांवर न्यायला जवळपास 2.9 युनिट उष्णता लागते. गीझर तेवढीच वीज खातो. सीओपी 3 असलेला हीट पंप तेच काम साधारण 1 युनिटमध्ये करतो.

मग नवीन इमारतच का?

खरी मेख इथेच आहे. पाणी जितकं जास्त तापवायचं, तितका सीओपी घसरतो. जुन्या घरांच्या भिंती-खिडक्यांतून ऊब निघून जाते, म्हणून रेडिएटरला अनेकदा 60-70 अंशांचं पाणी लागतं. नवीन घरात भिंतींना इन्सुलेशन असतं आणि फरशीखाली पाइप टाकता येतात. अख्खी जमीनच ऊब देत असल्यामुळे 35 अंशांच्या आसपासचं पाणी पुरतं.

पण हे पाइप फरशी बसवण्याआधी टाकायचे असतात. नंतर ठरवलं तर फरशी फोडा! म्हणजे पुढच्या कितीतरी वर्षांचं बिल इमारतीच्या नकाशावरच ठरतं.

तोटे काय आहेत?

- सुरुवातीचा खर्च जास्त.
- कडाक्याच्या थंडीत सीओपी कमी होतो आणि बाहेरच्या युनिटवर बर्फ साचतो. तो वितळवायला थोडी ऊर्जा जाते.
- पंख्याचा आवाज येतो, त्यामुळे जागा विचार करून निवडावी लागते.

तरीही थंडी म्हणजे अडथळा नाही. नॉर्वेसारख्या देशात निम्म्याहून जास्त घरांत हीट पंप आहेत.

जर्मनीत भाड्याने घर बघताय?

नुसतं भाडं बघून हो म्हणू नका. घराच्या ऊर्जा प्रमाणपत्रावर ए प्लस ते एच असा दर्जा असतो, तो आधी बघा. घर कशावर तापतं, फरशीखाली पाइप आहेत की रेडिएटर आणि हीटिंगचा खर्च भाड्यात धरलाय का, हेही विचारा. धरला असेल तरी निश्चिंत राहू नका. वर्षाच्या शेवटी सहसा वापराप्रमाणे हिशोब होतो आणि फरकाची रक्कम तुमच्याकडूनच घेतली जाते.

थोडक्यात, आधी ऊब आत टिकवणारं घर आणि मग हीट पंप. क्रम उलटा झाला तर मशीन चांगलं असूनही बिल जास्तच येणार.