वार्धक्यातील स्नायुऱ्हास आणि आहार

वाढत्या वयाबरोबर हाडांना जोडलेल्या स्नायूंचे वस्तुमान, शक्ती व कार्यक्षमता घटत जाते. या अवस्थेस सार्कोपेनिया किंवा वार्धक्यातील स्नायुऱ्हास असे म्हणतात. मांस या अर्थाच्या 'सार्क्स' आणि उणीव या अर्थाच्या 'पेनिया' या ग्रीक शब्दांपासून बनलेले हे नाव अमेरिकी पोषणतज्ज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये सुचवले. दीर्घकाळ हा म्हातारपणाचा अटळ भाग मानला जात असे. अमेरिकेतील रोगांच्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २०१६ मध्ये.

स्वरूप व निदान

स्नायूंची घट साधारणतः तिशीनंतर सुरू होते व साठीनंतर तिचा वेग वाढतो. वस्तुमानापेक्षा शक्ती अधिक वेगाने कमी होते. त्यामुळे वजन कायम असूनही जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागणे, जिना चढताना कठडा धरावा लागणे, डब्याचे घट्ट झाकण न निघणे ही लक्षणे आधी दिसू लागतात. पुढे पडण्याचा व त्यातून हाड मोडण्याचा धोका वाढतो. सार्कोपेनियाविषयीच्या आशियाई कार्यगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार हाताची पकडशक्ती पुरुषांत २८ किलोग्रॅमपेक्षा व स्त्रियांत १८ किलोग्रॅमपेक्षा कमी असल्यास ती क्षीण समजली जाते. खुर्चीवरून पाच वेळा उठून बसण्यास १२ सेकंद वा अधिक वेळ लागणे हेही क्षीणतेचे चिन्ह मानले जाते.

प्रथिनांची गरज

स्नायूंमध्ये प्रथिनांची जडणघडण व झीज सतत चालू असते. जेवणातून मिळालेली अमिनो आम्ले, विशेषतः ल्युसीन, या जडणघडणीस चालना देतात. उतारवयात स्नायू या चालनेस पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत. तरुणास जेवढे प्रथिन पुरते तेवढे वृद्धास पुरत नाही, ते यामुळेच. 'वय झाले, आता कमी खावे' हा रूढ समज त्यामुळे निदान प्रथिनांच्या बाबतीत उलटा ठरतो.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. निरोगी वृद्धांसाठी १.० ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे २०१३ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने सुचवले होते. ६० किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीस हे प्रमाण दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम होते.

हा आकडा वाटतो तितका सहज गाठला जात नाही. दिवसभरात ज्वारीच्या तीन भाकऱ्या, दोन वाट्या पातळ आमटी, पेलाभर दूध व थोडी भाजी-भात एवढा आहार धरला, तर प्रथिने जेमतेम ३५ ग्रॅमच्या आसपास भरतात. त्यातच रात्री 'पोटाला हलके' म्हणून नुसता चहा व खारी किंवा वरणाचे पाणी घेतल्यास तूट आणखी वाढते. दाट वरण, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, पिठले, दही, पनीर, अंडी, मासळी यांपैकी काहीतरी दोन्ही जेवणांत आणि न्याहारीतही असणे यासाठी उपयोगी ठरते.

ज्वारीच्या प्रथिनांत ल्युसीन विपुल, मात्र लायसीन कमी असते. डाळींत लायसीन भरपूर असते. भाकरी व पिठले ही जोडी त्यामुळे पोषणाच्या दृष्टीनेही परस्परपूरक आहे. सोयाबीनमध्ये प्रथिने वजनाच्या एक तृतीयांशाहून अधिक असतात.

वनस्पतिजन्य संयुगे

डाळिंबातील एलॅजिटॅनिन या संयुगांपासून आतड्यातील जिवाणू युरोलिथिन-ए तयार करतात. पेशींतील निकामी तंतुकणिका दूर करण्याच्या प्रक्रियेस ते चालना देते. मात्र हे रूपांतर घडवणारे जिवाणू सर्वांच्या आतड्यांत पुरेसे नसतात. म्हणून सोलापूरची उत्तम डाळिंबे खाऊनही काहींच्या शरीरात युरोलिथिन-ए जवळजवळ तयारच होत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६५ ते ९० वर्षे वयाच्या ६६ व्यक्तींना चार महिने शुद्ध युरोलिथिन-ए किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. पहिल्या गटात स्नायूंचा टिकाऊपणा सुधारला. सहा मिनिटांत चालता येणाऱ्या अंतरात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

मेथीदाणे व कॉफीतील ट्रायगोनेलिन हे संयुग सार्कोपेनिया झालेल्या व्यक्तींच्या रक्तात कमी असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. वयस्क उंदरांना ते दिल्यावर स्नायूंची शक्ती सुधारली. सफरचंदाच्या सालीतील व तुळशीतील अर्सोलिक आम्लाने उंदरांतील स्नायुक्षय रोखल्याचे आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले. उंदरांना दिलेली मात्रा माणसाच्या ताटातून मिळणे दुरापास्त असते, हे अशा बातम्या वाचताना सहसा लक्षात घेतले जात नाही. मेथीचे लाडू वा सालीसकट सफरचंद आहारात असण्यास हरकत नाही. पण त्यांना स्नायुऱ्हासावरचे औषध म्हणता येत नाही.

काही संयुगे व्यायामाच्या लाभास मारकही ठरू शकतात. द्राक्षांतील रेस्व्हेराट्रॉल रोज २५० मिलिग्रॅम घेणाऱ्या वृद्ध पुरुषांत व्यायामाचे हृदय व रक्ताभिसरणावरील काही फायदे कमी झाल्याचे डेन्मार्कमधील २०१३ च्या अभ्यासात आढळले.

व्यायामाशी संबंध

आहाराचा परिणाम स्नायूंवर पडणाऱ्या भारावर अवलंबून असतो. बॉस्टन येथील शुश्रूषागृहात राहणाऱ्या, सरासरी ८७ वर्षे वयाच्या १०० व्यक्तींवरील अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा आठवडे वजनाचे व्यायाम केलेल्यांची स्नायुशक्ती दुपटीहून अधिक वाढली; केवळ पूरक आहार घेणाऱ्यांना तसा लाभ झाला नाही. रोजचे चालणे हृदयासाठी हितकर असले तरी ते वजन उचलण्याच्या किंवा खुर्चीवरून वारंवार उठण्या-बसण्याच्या व्यायामाची जागा घेऊ शकत नाही.

दक्षता

मूत्रपिंडाचा तीव्र विकार असून डायलिसिस चालू नसलेल्या रुग्णांना प्रथिने मर्यादित ठेवावी लागतात. डायलिसिसवरील रुग्णांची गरज उलट वाढलेली असते. त्यामुळे दोन्ही स्थितींत प्रमाण वैद्यकीय सल्ल्याने ठरवले जाते. वजन कमी करण्यासाठी वृद्धांनी केलेल्या कडक आहारनियमनात चरबीबरोबर स्नायूही घटतात.