पाण्याच्या आधी पोचणारे गणित

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि त्याच्या खालच्या अंगाला, नाग नदीच्या काठी असलेल्या वस्त्यांमध्ये लोक झोपेत असतानाच पाणी शिरले. माणसे दगावली, हजारो घरांतला संसार भिजला. पावसाला जोर चढला तेव्हापासून घरात पाणी येईपर्यंत हाताशी होते ते मोजके तास.

शहराचा उतार, नाले, मोऱ्या, पूल, तलाव यांची मापे संगणकाला दिली, तर एवढ्या पावसात कोठे किती पाणी चढेल याचे गणित तो करून देतो. अशा गणिती मांडणीला प्रतिमान म्हणतात. पण हे गणित सुटायलाच पाणी येण्यापेक्षा जास्त वेळ लागला, तर त्याचा उपयोग काय? आजचे संगणक इतके वेगवान असूनही हे गणित का रेंगाळते, आणि ते लवकर सुटावे म्हणून गेल्या पावणेदोनशे वर्षांत काय काय युक्त्या झाल्या, हे आपण या लेखात पाहू.

फळ्यावर सुटणारे गणित

१८५१ साली आयर्लंडमधील अभियंता थॉमस मुल्व्हनी याने एक साधा विचार मांडला. एखाद्या भूभागातल्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यातले पाणी तोंडापाशी पोचले, की प्रवाह सर्वांत मोठा होतो. १८८९ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर शहराच्या गटारांसाठी एमिल कुइक्लिंग याने ही पद्धत वापरली. तीत फक्त तीन गोष्टींचा गुणाकार करायचा असतो : पावसाचा वेग, जमिनीचे क्षेत्रफळ आणि पडलेल्या पाण्यापैकी वाहून जाणारा हिस्सा.

एक उदाहरण घेऊ. १० हेक्टरची वस्ती आहे, म्हणजे १ लाख चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर तासाभरात ५,००० घनमीटर पाणी पडेल. छपरे, डांबर आणि फरशी यांमुळे त्यातले ७० टक्के वाहून गेले, तर ३,५०० घनमीटर झाले. याला ३,६०० सेकंदांनी भागले, की दर सेकंदाला जवळजवळ एक हजार लिटर पाणी येते. हीच जागा मोकळे माळरान असती आणि ३० टक्केच पाणी वाहिले असते, तर हा आकडा चारशेच्या थोडा वर गेला असता. आठवी-नववीच्या वर्गात हे गणित पाच मिनिटांत होते.

या पद्धतीतून मिळतो तो एकच आकडा : सर्वांत मोठा प्रवाह. गटार केवढे बांधावे हे ठरवायला तो पुरतो. पण गटार भरून वाहू लागल्यावर पाणी कोठे जाईल, किती चढेल आणि किती वेळ राहील, हे तो सांगत नाही. मुंबईची जुनी पावसाळी गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवशी त्या एका आकड्याच्या पुढे जावेच लागते.

समीकरणे मिळाली, उत्तर मिळेना

पुढे जाण्याची वाट १८७१ सालीच सापडली होती. फ्रान्समधील सँ-व्हनाँ याने वाहत्या पाण्यासाठी दोन समीकरणे मांडली. पहिले सांगते, की पाणी नाहीसे होत नाही. जे आले ते एकतर पुढे गेले किंवा साठले. दुसरे प्रवाहाच्या संवेगाचा हिशेब ठेवते : उतार पाण्याला ओढतो, घर्षण अडवते आणि पुढच्या पाण्याचा दाब मागे रेटतो. अडचण अशी, की प्रत्येक ठिकाणचे पाणी शेजारच्या पाण्यावर अवलंबून असते. त्यामुळे खऱ्या शहराच्या बाबतीत ही समीकरणे कागदावर सरळ सुटत नाहीत. नळाचे तुकडे आणि काळाचे छोटे टप्पे पाडून एकेक पाऊल पुढे जावे लागते.

हे टप्पे केवढे असावेत? १९२८ मध्ये जर्मनीतील रिचर्ड कूरांट, कुर्ट फ्रीडरिक्स आणि हान्स लेवी या गणितज्ञांनी एक अट शोधून काढली. तेव्हा इलेक्ट्रॉनिक संगणक जन्मालाही आले नव्हते. आपल्या प्रश्नापुरता तिचा अर्थ असा : एका टप्प्यात पाण्यावरची लाट नळाच्या एका तुकड्यापेक्षा जास्त अंतर जाता कामा नये. गेली, तर चुका वाढत जातात आणि उत्तर भरकटते.

एक मीटर खोल पाण्यात लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ३.१ मीटर असतो. पाणी स्वतः २ मीटर वेगाने वाहत असेल, तर दोन्ही मिळून झाले ५.१ मीटर. नळ १०० मीटर लांब असेल, तर टप्पा सुमारे २० सेकंदांचा चालतो. नळ ५ मीटरचाच असेल, तर टप्पा १ सेकंदाचा घ्यावा लागतो. आता २,००० नळांच्या जाळ्याचे एका दिवसाचे गणित करू. २० सेकंदांच्या टप्प्याने ४,३२० टप्पे, म्हणजे नळांचे ८६.४ लाख हिशेब होतात. पण सगळे नळ एकाच टप्प्याने चालवायचे असतील आणि त्यांत एकच ५ मीटरचा तुकडा असेल, तर हेच हिशेब १७.२८ कोटी होतात. सहलीला निघालेल्या वर्गाची चाल सर्वांत लहान मुलाच्या पावलाने ठरते, तसेच हे आहे. गणित रेंगाळते ते बहुधा शहर मोठे म्हणून नव्हे, तर आपण एखादा तुकडा फार बारीक पाडला म्हणून.

रस्त्यावर पसरलेल्या पाण्याचे गणित याहून जड असते. सव्वादोनशे चौरस किलोमीटरच्या शहराचे १० मीटर बाजूचे चौकोन पाडले, तर ते साडेबावीस लाख होतात. बाजू ५ मीटर केली, की चौकोन चौपट होतात आणि वरील अटीमुळे काळाचा टप्पाही निम्मा होतो. एकूण काम आठपट वाढते.

काय गाळायचे?

वेळ वाचवण्याचा पहिला मार्ग म्हणजे काहीतरी गाळणे. १९५५ साली ब्रिटनमधील लाइटहिल आणि व्हिटहॅम यांनी नदीच्या पुराचे गणित सोपे करून मांडले. उतार आणि घर्षण एवढेच ठेवायचे, बाकीचे सोडायचे. गंमत म्हणजे हाच विचार त्यांनी रस्त्यावरच्या वाहनांच्या गर्दीलाही लावला. हे गणित भराभर होते. पण त्यात पाण्याची बातमी वरून खालीच जाते, खालून वर येत नाही. नागपुरातले नाले नाग आणि पिवळी या नद्यांना मिळतात. नदीच तुडुंब असली, की नाल्याचे पाणी तुंबून मागे सरते. सोप्या गणिताला हे दिसतच नाही. नाला ठीक आहे असे ते सांगेल आणि त्याच वेळी पाणी दारात असेल.

दुसरा मार्ग म्हणजे काही न गाळता सोडवण्याची रीत बदलणे. १९६१ मध्ये फ्रान्समध्ये काम करणाऱ्या प्राइसमन याने पुढच्या टप्प्यातली सगळी अज्ञाते एकदम सोडवण्याची रीत वापरली. तीत टप्पे मोठे घेता येतात. मात्र प्रत्येक टप्प्याला काम जास्त पडते, आणि टप्पा फारच मोठा घेतला तर पुराचा माथा खोटाच चपटा होतो.

१९७१ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेसाठी ‘स्वम’ ही आज्ञावली तयार झाली. ती विनामूल्य मिळते आणि आजही जगभर वापरली जाते. सोपे आणि संपूर्ण अशी दोन्ही गणिते ती करते. प्रवाह पाहून टप्पा लहानमोठा करणे, आखूड नळ लांब असल्याचे मानून हिशेब करणे, प्रवाह न बदलणारा काळ ओलांडून जाणे आणि संगणकाच्या अनेक गाभ्यांवर काम वाटणे, अशा सोयी तिच्यात पुढे येत गेल्या. काम आठ जणांत वाटले म्हणून ते आठपट लवकर होत नाही. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी सर्वांना एकमेकांसाठी थांबावे लागते.

पाढे पाठ करण्याची युक्ती

तिसरा मार्ग शिक्षकांच्या ओळखीचा आहे. ऐनवेळी गुणाकार करावा लागू नये म्हणून आपण पाढे पाठ करवून घेतो. चेन्नईत २०१५ च्या पुरानंतर मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांच्या सहभागाने पूर्वसूचनेची व्यवस्था उभी राहिली. तीत पाऊस, नदी आणि भरती यांच्या निरनिराळ्या जोड्यांची शेकडो पूरचित्रे आधीच काढून ठेवली आहेत. वेळ आली, की जवळचे चित्र शोधायचे. मुंबईसाठीही जून २०२० मध्ये ‘आयफ्लोज’ ही पूरसूचना व्यवस्था सुरू झाली.

यांतला कोणताही मार्ग घेतला, तरी एक पडताळा चुकवता येत नाही. संपूर्ण गणित एकदा तरी सावकाश चालवायचे. मग सोप्या गणिताचे उत्तर त्याच्याशेजारी ठेवायचे आणि पूल, मोऱ्या, सखल वस्त्या यांपाशी पाण्याची पातळी जुळते का ते पाहायचे. चार-दोन सेंटिमीटरचा फरक चालेल. हातभर फरक असेल, तर गाळलेले परत घ्यावे लागेल. शिवाय आलेले पाणी आणि गेलेले व साठलेले पाणी यांचा ताळा जमला पाहिजे.

असा ताळा विद्यार्थ्यांनाही करता येईल. शाळेच्या छपराचे आणि पटांगणाचे क्षेत्रफळ मोजून वर दिलेला गुणाकार करायला सांगावा. मग जोराच्या पावसात पाणी खरोखर कोठे तुंबते ते पाहून, आपल्या गणितात कोणती गोष्ट गाळली गेली होती याची यादी वर्गात करावी.