पाणी सोडणाऱ्या ट्रकचं कूळ

न्हावा-शेव्याच्या वाटेवर ट्रेलरांची रांग पाहिलेल्याला डिझेलचा धूर समजावून सांगावा लागत नाही. गाडी हातभर सरकते, थांबते, इंजिन मात्र घुरघुरतच राहतं. लॉस एंजेलिस बंदराशेजारच्या वस्त्यांनी हेच वर्षानुवर्षं सोसलं. तिथे २०१७ साली टोयोटाने एक ट्रक चाचणीला उतरवला. त्यात मिराई मोटारीतले दोन फ्युएल सेल, जोडीला १२ किलोवॅट-तासांची छोटी बॅटरी. मालासकट सुमारे ३६ टनांचं धूड, आणि मागून धूर नाही, पाण्याची वाफ.

त्यातल्या फ्युएल सेलचं कूळ १८३९ पर्यंत जातं. विजेने पाणी फोडलं की हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात, हे ठाऊक होतं. पेशाने वकील असलेल्या विल्यम ग्रोव्हने उलटं करून पाहिलं: आम्लात बुडवलेल्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर दोन्ही वायू पुन्हा एकत्र आणले, आणि तारेतून वीज वाहू लागली. हाच फ्युएल सेल. पुढची शंभर वर्षं तो बहुतेक प्रयोगशाळेतच राहिला.

१९५९ साली केंब्रिजच्या फ्रान्सिस बेकनने ५ किलोवॅटचा संच उभा केला आणि त्यावर फोर्कलिफ्ट चालवून दाखवली. त्याच वर्षी अमेरिकेत ॲलिस-चामर्स कंपनीने १,००८ सेलांवर शेतातला ट्रॅक्टर चालवला. मला हे फार मोलाचं वाटतं. अवकाशात जाण्याआधी हा सेल ओझी उचलत होता, ओढत होता.

मग बेकनची शाखा अपोलो यानांबरोबर चंद्राकडे गेली. सेलातून निघालेलं पाणी अंतराळवीर प्याले. पण बंदरावरचा ट्रक या शाखेतला नव्हे. बेकनच्या सेलातला अल्क हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने बिघडतो, म्हणून त्याला शुद्ध ऑक्सिजन हवा. ट्रकला रस्त्यावरचीच हवा घ्यायची असते. ट्रकचा खरा पूर्वज जनरल इलेक्ट्रिकचा, पातळ पॉलिमर पडद्याचा सेल. तो १९६५ साली जेमिनी-५ यानातून गेला.

बंदराचं काम या ट्रकला मानवतं. फेऱ्या ठरावीक, रोज परतायचा तळ एकच, म्हणून हायड्रोजनचे मोजके पंप पुरतात. आणि मोठ्या बॅटरीचं वजन मालाची जागा खात नाही. २०२१ साली लॉस एंजेलिस बंदरात केनवर्थ-टोयोटाच्या १० ट्रकांचा प्रकल्प सुरू झाला. मात्र आजचा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासूनच बनतो. वस्तीतली हवा सुधारते हे खरंच, पण कार्बन कारखान्याच्या दारातून बाहेर पडतोच.

आपल्याकडेही मार्च २०२५ पासून टाटाच्या १६ हायड्रोजन ट्रकांच्या चाचण्या सुरू झाल्या. त्यांच्या मार्गांत मुंबई आणि पुणेही आहेत. काही ट्रक फ्युएल सेलवर चालतात, तर काही हायड्रोजन थेट इंजिनातच जाळतात.