बँकेने विनाकारण चार्ज कापला? पैसे परत मिळवण्याची सोपी पद्धत

स्कॉलरशिपचे पैसे जमा झाल्याचा मेसेज येतो. आपण खूश होऊन ॲप उघडतो, तर त्यातले तीन-चारशे रुपये गायब! स्टेटमेंटमध्ये काहीतरी इंग्रजी शॉर्टफॉर्म आणि पुढे कापलेली रक्कम. बहुतेक जण "जाऊ दे, बँकेचे नियम असतील" म्हणून सोडून देतात. पण बँकेलाही नियम असतात, आणि ते मोडून कापलेले पैसे परत मागता येतात. कसे, ते या लेखात पाहू.

आधी चार्ज ओळखा

बँकेच्या ॲपमधून मागच्या वर्षभराचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये डाउनलोड करा. त्यात 'चार्ज', 'मिनिमम बॅलन्स', 'एसएमएस', 'एटीएम', 'जीएसटी' असे शब्द शोधा. प्रत्येक कपातीची तारीख, रक्कम आणि समोरचा मजकूर लिहून ठेवा.

वर्षातून एकदा ४३६ किंवा २० रुपये गेले असतील, तर तो बहुधा चार्ज नसून प्रधानमंत्री जीवन ज्योती किंवा सुरक्षा विमा योजनेचा हप्ता असतो. त्यासाठी तुमची संमती लागते. ती दिली नसेल, तर संमतीचा पुरावा बँकेकडे मागा.

कोणत्या कपातीवर बोट ठेवता येतं?

१. मिनिमम बॅलन्सचा दंड. १ एप्रिल २०१५ पासून व्यापारी बँकांना लागू झालेले रिझर्व्ह बँकेचे नियम असे आहेत:

- बॅलन्स कमी झाल्यावर बँकेने एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवलं पाहिजे आणि तो भरायला एक महिना दिला पाहिजे.
- दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात हवा. समजा ५,००० रुपये ठेवायचे होते आणि ४,२०० होते, तर दंड ८०० रुपयांवर लागेल. बँकेचा दर ६ टक्के असेल, तर ४८ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ५६ रुपये ६४ पैसे.
- फक्त या दंडामुळे खातं मायनसमध्ये जाता कामा नये.
- दोन वर्षं व्यवहार न झाल्यामुळे निष्क्रिय झालेल्या खात्यावर हा दंड लावता येत नाही. खातं पुन्हा सुरू करायलाही फी नाही.

जनधन खात्याला मिनिमम बॅलन्सची अट मुळातच नाही. स्टेट बँकेने बचत खात्यावरचा हा दंड २०२० मध्ये, तर कॅनरा बँकेने १ जून २०२५ पासून बंद केला.

२. एटीएममधून पैसे आले नाहीत, पण खात्यातून गेले. व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला, तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही तक्रार न करता. शिवाय मशीन बिघडल्यामुळे किंवा त्यात कॅश नसल्यामुळे फसलेला व्यवहार मोफत व्यवहारांच्या संख्येत धरता येत नाही.

३. यूपीआयने पाठवलेले पैसे मधेच अडकले. एखाद्या व्यक्तीला पाठवलेले पैसे पोहोचले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला केलेल्या पेमेंटसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. पुढे इथेही रोज १०० रुपये.

४. एसएमएस चार्ज. तो प्रत्यक्ष वापरानुसार असावा, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच सांगितलं आहे.

तक्रार कशी करायची?

पायरी १: बँकेच्या वेबसाइटवरचं दरपत्रक उघडा आणि तुमच्या खात्याचा प्रकार तपासा. पगार येणं थांबलं की सॅलरी खातं काही महिन्यांनी साधं बचत खातं होतं. बऱ्याच जणांना दंड तिथूनच सुरू होतो.

पायरी २: ॲप, ईमेल किंवा शाखेत लेखी तक्रार द्या आणि तक्रार क्रमांक घ्या. नुसतं फोनवर किंवा काउंटरवर बोलून थांबू नका. मजकूर असा ठेवता येईल:

"माझ्या बचत खात्यातून (शेवटचे चार अंक …) दि. … रोजी … रुपये मिनिमम बॅलन्स चार्ज म्हणून कापले गेले. त्याआधी मला एक महिन्याची सूचना मिळालेली नाही. सूचना पाठवली असल्यास तिची तारीख व प्रत द्यावी. अन्यथा सदर रक्कम जीएसटीसह खात्यात परत जमा करावी."

पायरी ३: उत्तर पटलं नाही, तर बँकेच्या वेबसाइटवर दिलेल्या नोडल अधिकाऱ्याला तोच तक्रार क्रमांक देऊन लिहा.

पायरी ४: ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. पत्ता: सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन. फी नाही, वकील लागत नाही. बँकेला दिलेली तक्रार, तिचं उत्तर आणि स्टेटमेंट अपलोड करा. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. या तक्रारीलाही मुदत असते, म्हणून लांबवू नका.

तक्रारीत हे टाळा

"चार्ज फार जास्त आहे" एवढंच लिहिलं, तर तक्रार बहुधा टिकत नाही. दर किती ठेवायचा हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो आणि लोकपाल त्यात पडत नाहीत. "सूचना दिली नाही", "निष्क्रिय खात्यावर दंड लावला" असा मोडलेला नियम नेमका दाखवा. आणि बँकेने रीतसर कळवूनही आपण बॅलन्स भरला नसेल, तर तो दंड योग्यच आहे. अशा वेळी विनंती करता येते, हक्क सांगता येत नाही.

खातं पतसंस्थेत असेल, तर हा मार्ग चालणार नाही. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे तक्रार निबंधक कार्यालयात करावी लागते.

सावधान!

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. तो ॲपमधून किंवा डेबिट कार्डाच्या मागून घ्या. चार्ज परत मिळण्यासाठी ओटीपी, यूपीआय पिन किंवा स्क्रीन शेअर करणारं ॲप कधीच लागत नाही. कुणी मागितलं, तर फोन कट करा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर कॉल करा.

दंडाची कटकट कायमची संपवायची असेल, तर शाखेत अर्ज देऊन खातं 'बेसिक सेव्हिंग्ज' प्रकारात बदलून घ्या. त्यात मिनिमम बॅलन्स नसतो. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

आज दहा मिनिटं काढून स्टेटमेंट एकदा वाचा. घरात आई-बाबांचं खातं असेल, तर तेही तपासा. त्यांच्या खात्यातून काय कापलं जातंय, हे अनेकदा कुणीच पाहिलेलं नसतं.